इंप्रेशनचा हजारी भाव : वर काय धरायचं, खाली काय धरायचं?

बिंदूचौक_हिशेबी

सीपीएम म्हणजे हजार इंप्रेशनमागे (जाहिरात एकदा पानावर उघडली की एक इंप्रेशन) पडलेले रुपये. खर्च भागिले इंप्रेशन, गुणिले हजार. (शेवटचा एम म्हणजे लॅटिनमधला 'मिले', हजार. मिलियन नव्हे.) गणित चौथीतलं आहे, भांडण सगळं अंश आणि छेदात काय धरायचं यावर.

चर्चेसाठी एक नमुना घेऊ. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधलं दुकान, महिनाभर गूगल डिस्प्लेवर (इतरांच्या वेबसाइट-अ‍ॅपवर गूगल लावतं ते बॅनर) जाहिरात. आकडे समजायला सोपे म्हणून गोल केलेत:

खर्च १२,००० रु.
इंप्रेशन २,४०,०००
डॅशबोर्डवर दिसणारा सीपीएम ५० रु.

त्याच दुकानाला एका स्थानिक बातम्यांच्या पोर्टलने ३०० बाय २५० च्या बॅनरला हजारी ७० रु. सांगितलेत. ५० विरुद्ध ७०, म्हणून गूगल स्वस्त असं समजून पोर्टलला नाही म्हणायचं का? माझं मत, हे दोन आकडे एका तराजूत बसतच नाहीत. एकेक वजन काढून बघूया.

---

शाहूपुरी_टॅक्स

आधी अंश. ऑनलाइन जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि डॅशबोर्डवरच्या खर्चात तो धरलेला नसतो. १२,००० ची जाहिरात चालवायला खिशातून १४,१६० जातात. आगाऊ पैसे भरणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो. दहा हजार भरले की खात्यात जाहिरातीसाठी ८,४७४ च्या आसपास दिसतात आणि "पैसे कापले" म्हणून ओरड सुरू होते. कापले नाहीत, भरलेल्या रकमेतच कर आहे.

म्हणजे कर धरून भाव ५९.

पण सगळ्यांनी ५९ धरायचा नाही. खात्यात जीएसटी नंबर टाकलेला असेल, बिल त्याच नंबरवर निघत असेल आणि क्रेडिट (भरलेला कर आपल्या करातून वळता होणं) मिळत असेल, तर तो १८ टक्के खर्च नाही, ५० च धरा. नंबर टाकायचा राहिला आणि सहा महिन्यांनी आठवण झाली, तर मागची बिलं दुरुस्त करून घेताना जीव मेटाकुटीला येतो. खातं उघडतानाच ते काम करा.

कुणाच्या जुन्या कोष्टकात ६ टक्के इक्वलायझेशन लेव्हीचा (परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातीवरचा कर) रकाना असेल तर काढून टाका. २०१६ मध्ये आली होती, १ एप्रिल २०२५ पासून बंद झाली.

एजन्सीची फी असेल तर तीही अंशातच. समजा १५ टक्के, म्हणजे १,८००. मग १३,८००, आणि कर धरून १६,२८४. हजारी भाव ६७ रु. ८५ पैसे. ५० वरून इथवर आलो आणि छेदाला अजून हातही लावलेला नाही.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली

छेदाचं मी सांगतो.

इंप्रेशन म्हणजे कुणीतरी बघितलं असं नाही. पूर्वी सर्व्हरने बॅनर पाठवला की मोजत. आता बॅनर उघडायला सुरुवात झाल्यावर मोजतात. तरीही तो पानाच्या तळाशी असेल आणि वाचक मथळा वाचून मागे फिरला, तर इंप्रेशन मोजलं जातं आणि दिसत मात्र काहीच नाही.

म्हणून व्ह्यूएबल, म्हणजे खरंच पडद्यावर दिसलेलं, इंप्रेशन. अमेरिकेच्या मीडिया रेटिंग कौन्सिलचा निकष असा: साध्या बॅनरचे निदान ५० टक्के पिक्सेल सलग १ सेकंद पडद्यावर. व्हिडिओला ५० टक्के, सलग २ सेकंद. ९७० बाय २५० किंवा त्याहून मोठ्या बॅनरला ३० टक्के, १ सेकंद. निकष किती ढिला आहे बघा. मोबाइलवरची ३२० बाय ५० ची पट्टी म्हणजे १६,००० पिक्सेल. त्यातले ८,००० एक सेकंद दिसले की झालं. पट्टीवर वर दुकानाचं नाव आणि खाली पत्ता असेल, तर वरचा अर्धा भाग तेवढा दिसूनही मोजणी पूर्ण होते, पत्ता दिसलाच नाही तरी. त्यामुळे नाव आणि ठिकाण एकाच ओळीत, आडवं घ्या.

गूगल अ‍ॅड्समध्ये कॉलम बदलताना व्ह्यूएबिलिटीचा गट असतो. तिथून तीन कॉलम लावा: व्ह्यूएबल, मोजता येण्याजोगी, मोजता न आलेली. तिसरा कॉलम बहुतेक जण लावत नाहीत आणि फसतात. नमुन्यात समजा:

एकूण २,४०,०००
मोजता आलेली १,९२,०००
त्यातली व्ह्यूएबल १,०५,६००

रिपोर्टमध्ये व्ह्यूएबिलिटी ५५ टक्के दिसेल, कारण ती मोजता आलेल्यांवर काढतात. एकूणावर काढली तर ४४ टक्केच.

---

लक्ष्मीपुरी_गणित

४४ धरणं मला पटत नाही. मोजता न आलेली ४८,००० म्हणजे न दिसलेली नव्हेत. तिथे मोजणारी स्क्रिप्ट चालली नाही, एवढंच. त्यांनाही ५५ टक्के लावा: १,३२,००० व्ह्यूएबल. करासकट भाव १०७. ४४ ने काढला तर १३४. खरा भाव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी.

---

राजारामपुरी_९वी_गल्ली

मान्य, पण दोन जागांची तुलना करताना मी कडक आकडाच धरतो. मोजता न आलेली इंप्रेशन्स बऱ्याचदा जुन्या अ‍ॅपमधल्या जागांवर निघतात आणि त्या जागा सरासरीसारख्या असतील याची खात्री नाही. कोष्टकात दोन्ही रकाने ठेवा, मोजणीचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असेल तर फरक किरकोळ राहतो आणि वादच मिटतो.

---

तांबडा_पांढरा

म्हंजे ५० चा भाव लावला आणि वजनात १३४ पडला. लई भारी तराजू हाय भावा.

---

रंकाळा_पिनड्रॉप

अजून एक गाळणी राहिली. दिसलेली इंप्रेशन्स कोल्हापुरात दिसली का?

कॅम्पेनच्या सेटिंगमध्ये ठिकाण निवडल्यावर खाली 'लोकेशन ऑप्शन्स' म्हणून दुमडलेला भाग असतो. तिथे मूळची निवड असते "त्या ठिकाणी असलेले किंवा त्या ठिकाणात रस दाखवणारे". अंबाबाईच्या दर्शनाची वेळ शोधणारा नाशिकचा माणूसही त्यात येऊ शकतो. दुकानात चालत येणारं गिऱ्हाईक हवं असेल तर दुसरी निवड घ्या: फक्त तिथे असलेले किंवा नेहमी जाणारे. कुरिअरने चप्पल पाठवणाऱ्यांनी मात्र पहिलीच ठेवावी, त्यांना नाशिकवाला हवाच आहे.

पिन टाकून त्रिज्या देणाऱ्यांनी नकाशा नीट बघा. बिंदू चौकातून ४० किमी घेतले तर इचलकरंजी, जयसिंगपूर आत येतात, सांगली अगदी काठावर, आणि निपाणीही आत. निपाणी कर्नाटकात आहे, गिऱ्हाईक म्हणून उत्तम, पण जाहिरातीत "महाराष्ट्रात मोफत डिलिव्हरी" लिहिलं असेल तर भांडण ठरलेलं.

सेटिंग बरोबर असूनही गळती राहते. मोबाइल डेटावर लोकेशन बंद असेल तर आयपी पत्त्यावरून अंदाज बांधला जातो आणि कंपनीचं नेटवर्क ज्या शहरातून बाहेर पडतं तिथला माणूस समजला जातो. कोल्हापुरातला माणूस पुण्यात दिसतो आणि उलटही होतं. त्यामुळे लोकेशन रिपोर्टमधला टक्का पैशापर्यंत अचूक धरू नका, पाच-पाचच्या टप्प्यात गोल करा.

नमुन्यात कोल्हापुरातली ८० टक्के धरू. १,०५,६०० चे ८४,४८० उरले. एजन्सी नाही, पण कर आहे असं धरलं तर १४,१६० भागिले ८४,४८०. हजारी १६७ रु. ६० पैसे.

---

बिंदूचौक_हिशेबी

आणि पोर्टलचे ७०? त्यावरही १८ टक्के आहेच, ८२.६० झाले. (छापील पेपरातल्या जागेवर ५ टक्के, त्याच पेपरच्या वेबसाइटवर १८. हा फरक कोटेशन घेतानाच विचारून घ्या.) समजा एकूणावर ६० टक्के व्ह्यूएबल आणि वाचक ९० टक्के जिल्ह्यातले. ८२.६० भागिले ०.६० भागिले ०.९० म्हणजे १५३.

७० वाला ५० वाल्यापेक्षा स्वस्त निघाला.

---

कावळानाका_कोड

थांबा. ते ६० आणि ९० आले कुठून? पोर्टलवाल्याने सांगितले म्हणून? तपासल्याशिवाय त्या १५३ ला अर्थ नाही. कसं तपासायचं ते लिहितो.

पहिला प्रश्न विचारायचा: बॅनर अ‍ॅड सर्व्हरमधून (जाहिराती लावणारी-मोजणारी यंत्रणा) लावता की वर्डप्रेसच्या थीममध्ये चित्र चिकटवता? चित्र चिकटवलं असेल तर इंप्रेशन कुणीच मोजत नसतं. तुम्हाला जो आकडा मिळतो तो अ‍ॅनालिटिक्समधल्या पेजव्ह्यूचा. पेजव्ह्यू मोजला म्हणजे बॅनर दिसला असं नाही.

अशा वेळी एक जुगाड चालतो. जीए-४ मध्ये (गूगल अ‍ॅनालिटिक्स) स्क्रोलचा इव्हेंट आपोआप नोंदला जातो, पान ९० टक्के खाली गेलं की एकदाच. बॅनर बातमीच्या तळाशी असेल तर स्क्रोल इव्हेंट भागिले पेजव्ह्यू, एवढंच तुमचं कमाल दिसणं. ५०,००० पेजव्ह्यू आणि १४,००० स्क्रोल असतील तर ५०,००० चं बिल देऊ नका. वरच्या बॅनरला हे लागू नाही, तिथे उलटी अडचण असते. पान उघडायच्या आत वाचक खाली सरकतो आणि जड फाइलचा बॅनर मागून येतो. वजन १५० केबीच्या आत ठेवा. गगनबावड्याकडे किंवा आंबा घाटात नेटवर्क कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न: त्या जागेत किती जाहिराती फिरतात? चार बॅनर आळीपाळीने येत असतील तर तुमच्या वाट्याला पाव. स्लायडर असेल तर पावही नाही, पहिल्या चित्रालाच सगळ्यात जास्त वेळ मिळतो, चौथं येईपर्यंत वाचक निघून गेलेला असतो. पहिल्या जागेचा आग्रह धरा किंवा क्रम रोज बदलून घ्या.

तिसरा: आपोआप ताजा होतो का? गूगलचा नियम किमान ३० सेकंदांचा आहे. म्हणजे एक माणूस पाच मिनिटं पान उघडं ठेवून चहा प्यायला गेला तर नियमात राहूनही दहा इंप्रेशन्स. खालची चिकटपट्टी, जी स्क्रोल केलं तरी हलत नाही, तिचा व्ह्यूएबल टक्का म्हणूनच डोळे दिपवणारा असतो.

पोर्टल गूगल अ‍ॅड मॅनेजर वापरत असेल (छोट्यांना फुकट मिळतं) तर काम सोपं. तारखेनुसार रिपोर्ट मागा: इंप्रेशन्स, मोजता आलेली, व्ह्यूएबल, शहर. स्क्रीनशॉट नको, एक्सेल मागा. शिवाय तुमच्या सर्व्हरवरचा १ बाय १ चा पिक्सेल (न दिसणारं, फक्त मोजणीसाठीचं चित्र) बॅनरसोबत लावायला द्या. त्याच्या पत्त्यात दर वेळी बदलणारा आकडा हवा, म्हणजे कॅशबस्टर. तो विसरला की ब्राउझर जुनाच पिक्सेल स्वतःजवळून दाखवतो, तुमच्याकडे मोजणी कमी पडते आणि तुम्ही पोर्टलवाल्यावर विनाकारण घसरता.

---

शिरोली_नाका

दोन मोजण्यांत किती फरक चालवून घ्यायचा?

---

कावळानाका_कोड

१० टक्क्यांपर्यंत कुणी भांडत नाही, आंतरराष्ट्रीय करारांच्या नमुन्यातही हीच मर्यादा धरतात. त्याच्यावर गेलं तर या क्रमाने शोधा. आधी वेळ: एक रिपोर्ट भारतीय वेळेत आणि दुसरा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर दिवस साडेपाच तासांनी सरकतो. महिन्याच्या बेरजेत हा फरक विरतो, चार दिवसांच्या मोहिमेत बोंब होते. मग अ‍ॅडब्लॉकर. मग बॉट (माणूस नव्हे, पानं उघडणारा प्रोग्रॅम): एका बाजूने गाळलेत आणि दुसऱ्याने नाही. शेवटी पिक्सेल बॅनरच्या आधी लागतो की नंतर ते बघा.

फरक रोज साधारण तेवढाच राहत असेल तर कारण तांत्रिक आहे. एखाद्याच रात्री पोर्टलकडचा आकडा दुप्पट झाला आणि तुमच्या यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) लावलेल्या लिंकवर एकही माणूस आला नाही, तर मात्र ते तास बिलातून वगळायला सांगा. कोणाचा आकडा अंतिम, हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या.

---

बातमीदार_पॅनल

पोर्टलच्या बाजूने थोडं. जाहिरातदार अ‍ॅडसेन्सच्या आरपीएमवरून (गूगलच्या जाहिरातींतून वेबसाइटला हजारामागे मिळणारी कमाई) आमच्याशी घासाघीस करतात, त्यात दोन चुका असतात.

एक, पेज आरपीएम हा हजार पानांमागचा असतो, हजार इंप्रेशनमागचा नव्हे. पानावर तीन जागा असतील आणि पेज आरपीएम ६० असेल तर एका जागेला सरासरी २० च येतात.

दोन, तुम्ही गूगलला दिलेले ५० आम्हाला पोचत नाहीत. खरेदीच्या बाजूने सुमारे १५ टक्के जातात, उरलेल्याचे ८० टक्के आमचे. ०.८५ गुणिले ०.८० म्हणजे ०.६८, म्हणजे ३४ रु. त्यामुळे ३४ च्या खाली थेट सौदा केला तर आमचं नुकसान आणि ५० च्या वर गेलं तर तुम्ही विचारणार "का?". कारण चांगलं असेल तर मागा. ठरावीक जागा, शेजारी स्पर्धकाची जाहिरात नाही, फक्त जिल्ह्यातले वाचक. यातलं काहीच देत नसताना ७० मागणाऱ्याला मीही नाहीच म्हणेन.

---

गुजरी_तोळामासा

सरासरीतली चूक कुणी बोललं नाही. दोन जागा: एकीवर ६,००० मध्ये २,००,००० (भाव ३०), दुसरीवर ६,००० मध्ये ४०,००० (भाव १५०). एक्सेलमध्ये भावाच्या कॉलमची सरासरी काढली की ९० येते. चूक. १२,००० भागिले २,४०,००० म्हणजे ५०. खर्च आणि इंप्रेशनच्या बेरजा करायच्या आणि भागाकार एकदाच, शेवटी. अनेक महिन्यांच्या रिपोर्टमध्ये ही चूक सर्रास असते.

नमुन्यातल्या ५० च्या पोटातही असंच आहे. जागांचा रिपोर्ट, म्हणजे जाहिराती कुठे दिसल्या तो, खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावा. वरच्या ओळींत फुगे फोडायचे गेम, टॉर्चचं अ‍ॅप, लहान मुलांचे व्हिडिओ दिसले की समजायचं, ३० चा स्वस्त माल इथून आला. तिथे क्लिकही भरपूर पडतात, कारण पट्टी बटणाला चिकटून असते. अ‍ॅपच्या कॅटेगऱ्या वगळा. भाव चढलेला दिसेल, घाबरू नका.

आणि सणाचा भाव आषाढाशी लावू नका. लिलावाचा बाजार आहे. नवरात्र ते धनत्रयोदशी शहरातले सगळे सराफ, कपडेवाले, गाड्यांचे शोरूम त्याच लोकांमागे लागतात. गेल्या नवरात्राशी या नवरात्राची तुलना करा.

---

रंकाळा_पिनड्रॉप

कोल्हापुरासारख्या गावात यापेक्षा मोठी अडचण माणसं संपण्याची आहे. २०११ च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांचं, जिल्हा एकोणचाळीस लाखांच्या आत. त्यात वय, आवड, भाषा अशा चाळण्या लावल्या की खाली फार थोडे उरतात. भाषेत फक्त मराठी निवडली तर इंग्रजीत फोन वापरणारा मराठी माणूसही गळू शकतो, म्हणून इंग्रजीही ठेवा.

२,४०,००० इंप्रेशन्स ३०,००० माणसांना मिळाली तर फ्रीक्वेन्सी, म्हणजे एका माणसाला सरासरी किती वेळा दिसलं, ८. हजार माणसांपर्यंत पोचायचा खर्च १४,१६० भागिले ३० म्हणजे ४७२ रु. बजेट दुप्पट केलं तर नवी माणसं फारशी मिळत नाहीत, त्याच माणसांना १५ वेळा दिसतं. डिस्प्लेच्या कॅम्पेनमध्ये फ्रीक्वेन्सीची मर्यादा घालता येते, ती घाला. फेसबुक-इन्स्टावर पोच (किती वेगळ्या माणसांना दिसलं) हा अंदाज असतो आणि एकाच माणसाची दोन खाती दोन माणसं म्हणून धरली जाऊ शकतात, एवढं ध्यानात ठेवा. तिथलं इंप्रेशनही वेगळं आहे. जाहिरात पडद्यावर आली की मोजली, एका सेकंदाची अट नाही. त्यामुळे फेसबुकचा सीपीएम गूगलच्या व्ह्यूएबल सीपीएमशेजारी ठेवताना वर टीप लिहा.

---

दसराचौक_फ्लेक्स

होर्डिंगचाही हजारी भाव काढता येतो का? ताराराणी चौकात जागा बघतोय.

---

लक्ष्मीपुरी_गणित

येतो, पण अंदाजाला अंदाज म्हणायची तयारी हवी.

होर्डिंगचं तोंड ज्या दिशेला आहे, त्या दिशेने येणारी वाहनंच मोजायची. सकाळी ९, दुपारी १, संध्याकाळी ७ अशी पंधरा-पंधरा मिनिटं, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. दुचाकी, चारचाकी, बस वेगळ्या रकान्यात, कारण माणसं वेगळी. संध्याकाळचा आकडा घेऊन दिवसाला गुणू नका, जागा विकणारे नेमकं तेच करतात.

समजा दिवसाची १२,००० वाहनं, सरासरी दीड माणूस: १८,०००. महिन्याचे ५,४०,०००. भाडं ६०,०००, ४० बाय २० फूट म्हणजे ८०० चौरस फूट फ्लेक्स १२ रुपयांनी ९,६००, वर १८ टक्के: ८२,१२८. हजारी १५२.

हा "दिसू शकलं असतं" चा भाव. आता सिग्नलला उभं राहून बघा. लाल दिव्याला थांबलेल्या पहिल्या दोन-तीन रांगांना दिसतं का, की बसच्या टपाआड जातं? झाड, विजेचा खांब, शेजारची कमान? रात्री फ्लेक्सवर दिवे आहेत का, आणि ते कितीला बंद करतात? निम्मे वजा झाले तर ३०४. आणि ती रोज जाणारी तीच माणसं आहेत, फ्रीक्वेन्सी महिन्याला ३०-४० होऊ शकते. नाव मनात बसवायला उत्तम. "रविवारपर्यंत सवलत"ला निरुपयोगी, कारण फ्लेक्स बदलायचा खर्च पुन्हा ९,६००.

---

तांबडा_पांढरा

येवडं मोजून गिऱ्हाईक आलं का न्हाई ते कोण बगणार? क्लिकचा भाव धरा की सरळ.

---

बिंदूचौक_हिशेबी

तोही हजारीत बदलता येतो, म्हणजे एकाच कोष्टकात बसतो. क्लिकचा भाव ६ रु. आणि हजारात ८ क्लिक, म्हणजे ४८. पण फुगे फोडणाऱ्या पोराचा अंगठा हाही क्लिकच, हे वर आलंच आहे. मी क्लिकऐवजी दुकानाचा रस्ता विचारणारे आणि फोन करणारे वेगळे मोजतो, पण त्याचा धागा वेगळा हवा.

कोष्टकाचे रकाने सध्या असे ठेवलेत: जागा, तारखा, खर्च, फी, कर, एकूण इंप्रेशन्स, मोजता आलेली, व्ह्यूएबल, जिल्ह्यातला टक्का, पोच. भाव सगळ्यात शेवटी आणि तो हाताने टाइप करायचा नाही, सूत्रानेच यायचा.

---

शिरोली_नाका

कंपोझिशन स्कीममधल्या (छोट्यांसाठी ठरावीक दराने जीएसटी भरायची सोय) दुकानाने कराचा रकाना कसा भरायचा?

---

शाहूपुरी_टॅक्स

पूर्ण भरायचा. कंपोझिशनमध्ये क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी १८ टक्के हा खर्चच. नमुन्यातला ५० त्यांना कधीच लागू नव्हता, त्यांचा हिशेब ५९ पासूनच सुरू होतो.